टांगलेला हिरो

राग गिळून गप्प बसणं मला कधी जमलं नाही. त्या अंगाला चिकटलेल्या निळ्या कपड्यातल्या हिरोवर मी सूड उगवला, आणि त्याबद्दल आजही मला तसूभर वाईट वाटत नाही.

तेव्हा मी बोईसर स्टेशनजवळच्या एका व्हिडिओ लायब्ररीत कामाला होतो. आकाशात उडणाऱ्या, दुष्टांना लोळवणाऱ्या एका हिरोचा स्वस्तातला हिंदी सिनेमा आमच्याकडे बऱ्यापैकी फिरला होता. त्याचाच दुसरा भाग काढायला ती मंडळी आमच्या गावच्या किनाऱ्यावर आली. आमचं गाव तारापूरजवळ, सगळी मासेमारीवाली घरं. हिरोचा झगा पडद्याच्या सॅटिनचा होता आणि उडताना त्याला दोन माणसं मागून दोरीनं ओढत होती. तरी गाव खुळ्यासारखं बघत उभं होतं, त्यात मीही होतो.

त्यांना एक मासेवाली हवी होती. त्यांनी माझ्या आईला निवडलं. भरलेली पाटी बाई एकटी डोक्यावर घेऊ शकत नाही, दुसऱ्याचा हात लागतोच. आणि पाटी चढवून देणाऱ्याला, मग तो कुणीही असो, माझी आई तोंडभर आशीर्वाद द्यायची. दिग्दर्शक म्हणाला, "बस, यही चाहिए. हिरो पाटी उठाएगा, माँ आशीर्वाद देगी." आईनं लग्नातलं लुगडं नेसून तो प्रसंग केला. पाटी डोक्यावर चढली, तिनं मान ताठ केली आणि समोर बघत म्हणाली, "दर्या तुला भरभरून देवो, बाळा." हिरो तिच्या पाठीमागे उभा होता. डोक्यावर भार असताना मागे वळून बघता येत नाही.

दुसरा भाग कुठल्या थिएटरात लागलाच नाही, थेट कॅसेटवर आला. आमच्या मालकानं तीन कॅसेटी घेतल्या. त्यातली एक, दुकानातला टीव्ही आणि व्हीसीआर रिक्षात घालून मी रविवारी दुपारी घरी नेलं. ओटीवर बसायला जागा नव्हती. आई पडद्यावर आली तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. तिनं आशीर्वाद दिला, आणि तिच्या पाठीमागे त्या हिरोनं चिमटीत नाक धरलं, डोळे फिरवले आणि झग्यानं वारा घेतला. वर लोकांना हसू यावं म्हणून पिपाणीचा आवाज भरला होता. ओटीवर कुणी हसलं नाही. आई उठली आणि चुलीकडे गेली.

पण बोईसर हसलं. कॅसेट कारखान्यातल्या कामगारांच्या खोल्याखोल्यांतून फिरली. बाजारात आईच्या पाटीसमोर एका चांगल्या मिशीवाल्या माणसानं नाक धरून दाखवलं, आणि बाजूचे दात काढत राहिले. ती भरली पाटी घेऊन परत आली. तीस वर्षं त्या बाजारात बसलेली बाई, तिनं जाणंच सोडलं. शेजारणीकडे मासे देऊन पाठवायची आणि स्वतः घरामागच्या बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घालत बसायची. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

कॅसेटच्या कडेला प्लास्टिकचं एक छोटं पातं असतं. ते तोडलेलं असलं की वर काही रेकॉर्ड होत नाही. पण त्या खळग्यावर सेलोटेप चिकटवली की झालं, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक. सिनेमाच्या शेवटी शेवटी हिरोला दुष्टांनी तेजाबाच्या पिंपावर उलटा टांगलेला असतो, झगा तोंडावर आलेला. तिथून पुढचं सगळं, त्याचं सुटणं, त्याचं जिंकणं, मी तिन्ही कॅसेटींवरून पुसलं आणि त्या जागी दूरदर्शनवरची चिकूच्या झाडावरच्या रोगांची माहिती भरली.

दुसऱ्याच दिवशी कारखान्यातली गिऱ्हाइकं आली. "भैया, वो लटका हुआ था, फिर चीकू आ गया. आगे क्या हुआ?"

"मर गया," मी म्हणालो.

मी हे रोज सांगायचो आणि प्रत्येक वेळी मला बरं वाटायचं. मालकाला सांगितलं, कंपनीकडूनच तशा आल्या. बोईसरमध्ये तो हिरो मेला तो मेलाच.

मोठ्या दिमाखात मी हे आईला सांगितलं. तिनं हातातला बोंबील खाली ठेवला. "आन माजं? ते पुसलंस?"

"तुला कसं पुसू, आये? तुझा चेहरा हाय त्यात."

"म्हंजे लोक पयले मना हसतात, मंग तो मरतो," ती म्हणाली. "तुजा राग फिटला रं. माजं काय?"

इतके दिवस मी सूड सूड म्हणून नाचत होतो, आणि तिची थट्टा मीच रुपया-रुपया भाड्यानं घरोघर पाठवत होतो.

दोन दिवसांनी दुपारी ती स्वतः दुकानात आली. मालक जेवायला गेला होता. म्हणाली, "लाव." मी लावलं. स्टुलावर बसून, पदर घट्ट खोचून, ती स्वतःकडे बघत राहिली. पडद्यावर पाटी चढली, मान ताठ झाली, आशीर्वाद झाला.

"हितं," ती म्हणाली. "हितून पूस."

मी तिलाच रेकॉर्डचं बटण दाखवलं. मासे कापून खरबरीत झालेल्या अंगठ्यानं तिनं ते दाबलं, आणि मी थांब म्हणेपर्यंत धरून ठेवलं. तिन्ही कॅसेटींवर तिनंच दाबलं. आता तिचा आशीर्वाद होता आणि त्यानंतर पडद्यावर नुसत्या काळ्या-पांढऱ्या मुंग्या. नाक नव्हतं, पिपाणी नव्हती.

मला वाटलं, आता तिचं मन निवलं असेल. मी विचारलं, "कंपनीकडून नवी कॅसेट मागवू? त्यातलं तेवढं नाक पुसून टाकू, त्याचा शेवट परत येईल."

ती उठली, लुगडं झटकलं. "नको," म्हणाली. "त्याला ऱ्हवू दे तसाच लोंबकळत." आणि उद्याच्या बाजाराची पाटी भरायची म्हणून तीनची बस धरायला निघाली.