तारेवरचे पंचांग

अकोल्याच्या तार ऑफिसात मी कारकून होतो. अमेरिकेतल्या लढाईमुळे कापसाला तेजी होती आणि अमरावतीकडे एकच तार जात होती. दुसऱ्या व्यापाऱ्याचा भावाचा निरोप पुढे जाऊ नये म्हणून एक शेठ सकाळपासून तारेवरून पंचांग पाठवत बसले होते. जो शब्दांचे पैसे भरत राहील त्याच्याच ताब्यात तार, असा नियम होता.

मागे एक कास्तकार उभा होता. त्याची आई शेवटच्या घटका मोजत होती आणि भाऊ अमरावतीला होता.

"बाबूजी, चारच शब्द हायेत. माह्या भावाले बलावून घ्या ना."

"शेठजी, याचं एवढं जाऊ द्या," मी म्हणालो.

"आत्ता कुठे चैत्र चालू आहे. फाल्गुन संपला की जाईल," शेठ म्हणाले. आमचे साहेब खो-खो हसले.

त्याचा निरोप दुसऱ्या दिवशी गेला. भाऊ पोचला तेव्हा चिता विझून गेली होती.

वर्षाच्या अहवालात साहेबांनी माझ्याकडून लिहवून घेतले : काम कधी नव्हे इतके वाढले, एकही निरोप पडून राहिला नाही, सबब दुसरी तार मंजूर व्हावी. पहिली दोन वाक्ये निर्लज्ज होती. तरी मी ती वळणदार अक्षरात लिहिली. दुसरी तार आली, आणि पहिल्याच दिवशी शेठजींनी तीही अडवली.