बत्ता आणि गॅरेजची फरशी

खलबत्त्यातला लोखंडी बत्ता हातात घेतला की मला टाइल्सचं दुकान आठवतं. डिंडोलीतल्या आमच्या घराच्या गॅरेजात वडील रिक्षाला जॅक लावायचे आणि खालच्या टाइल्स फुटायच्या. दोनदा बदलून झाल्यावर आई स्वतःच दुकानात निघाली, पिशवीत हाच बत्ता घेऊन. दुकानदाराने चकचकीत नमुने मांडले आणि आईने एकेकावर बत्ता टाकला. दोन तडकले. “अरे बेन, शुं करो छो?” तो गुजरातीत ओरडला. “घरी फुटण्यापेक्षा इथंच फुटू द्या,” आई म्हणाली. शेवटी कोपऱ्यातल्या जाड, खरबरीत कोटा फरशीवर नुसता पांढरा ठिपका उठला. “हीच द्या.” परवा माझा मुलगा म्हणाला, “गॅरेजला आता चकचकीत टाइल्स लावू.” मी बत्ता पिशवीत टाकला आणि म्हटलं, “चल दुकानात.”