चार तळहातांवरचा अजिंठा घाट

“अहो, ब्रेक सोडा! पाय काढा आधी!”

माझी बायको सुमन अशी ओरडली, की पार लेण्यांतली वटवाघळं उडाली असतील. अजिंठ्याच्या घाटातलं वळण उजवीकडं, मी स्टेअरिंगही उजवीकडंच पिळलेलं, आणि गाडी मात्र सरळ दरीकडं निघालेली! मागच्या सीटवर माझे सासरे, आबा. त्यांना आयुष्यात एकदा लेणी दाखवायची, म्हणून तर ही स्वारी.

सकाळी चिकलठाण्याहून निघालो तेव्हा मी राजा होतो. गाडी जुनी, पण आमच्या घरात नवी. चारही चाकांखाली लिंबं चिरडली होती, टायरांत हवा दगडासारखी टणक भरली होती. टणक टायर हलकं पळतं, असा माझा सिद्धांत.

“जावईबापू, लई फुगवलं,” आबा म्हणाले.

“आबा, उडत जाणार आपण!”

सिल्लोडला भजी खाल्ली. इतकी तिखट, की त्या आगीवर गाडी पेट्रोलशिवाय पळाली असती. अजिंठा गाव मागं पडलं, उतार लागला आणि मुरूम सांडलेल्या वळणापुढं मेंढरांचा कळप दिसला. मी ब्रेकवर उभाच राहिलो.

चाकं थांबली, गाडी थांबेना. फिरतं टायर रस्ता धरतं. जाम झालेलं साबणाच्या वडीसारखं घसरतं, मग स्टेअरिंग कितीही पिळा. सुमन माहेरी ट्रॅक्टर चालवायची, तिला हे ठाऊक. मी पाय काढला, तिनं हात घालून स्टेअरिंग थोडं सैल केलं. चाकं फिरली, त्यांनी रस्ता पकडला, गाडी वळली. तेवढ्यात मी दरीतल्या घारींच्या पाठी पाहून घेतल्या, शपथ! मग हलका ब्रेक, आणि मेंढरांपाशी थांबलो.

“हॉर्न तरी वाजवायचा, पाव्हणं,” धनगर म्हणाला. “मेंढरं बुजली ना.” वर त्यानंच आम्हाला पाणी पाजलं.

टायर रस्त्याला टेकतं ते जेमतेम तळहाताएवढं. हवा जास्त झाली, की तेही आखडतं. असल्या चार तळहातांनी आबांना धरून ठेवलं, त्या तळहातांना मी आजही हात जोडतो. आणि स्टेअरिंगवर पडलेल्या पाचव्या तळहाताला जरा जास्तच.

फर्दापुरात हवा कमी केली. आबांनी लेणी डोळे भरून पाहिली. एका रंगवलेल्या हत्तीसमोरून ते हलेचनात.

संध्याकाळी शहरात परतल्यावर क्रांती चौकात उसाचा रस पिताना माझा राजेपणा परतला. “पुढल्या रविवारी दौलताबाद! येणार ना, आबा?”

आबांनी ग्लास संपवला, मिशा पुसल्या.

“येतो की. सुमी चालवणार असंल तर.”