आठ म्हणजे वार नाही

चूक अण्णाकाकांची. हे आधीच सांगून ठेवतो, कारण किस्सा संपेपर्यंत तुम्ही सगळे माझ्याकडे बघायला लागाल.

अण्णाकाका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. सरकारी कचेरीतून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात साहेब म्हणून रुजू झाले. गंगापूर रोडच्या त्या घरात दूध कुठल्या पातेल्यात तापवायचं इथपासून मी आयुष्याचं काय करायचं इथपर्यंत सगळं ते ठरवणार. मी डिप्लोमा अर्धवट सोडला, तेव्हापासून माझ्याशी थेट बोलत नसत. मी समोर बसलेलो असताना आईला विचारायचे, "तुमचे चिरंजीव जेवले का?" आणि बाबा? बाबा थोरल्या भावासमोर खुर्चीच्या कडेवर बसायचे. पन्नाशी उलटलेला माणूस, हेडमास्तरांनी बोलावल्यासारखा.

आता माझा गुन्हा ऐका. मी गच्चीवर खेळायचो. माझा मित्र तन्वीर, जुन्या नाशकातला, त्याच्या आत्तेभावाने परदेशातून फाशांचा एक संच आणला होता. लुडोचे नव्हेत. एक चार बाजूंचा, एक आठ, एक बारा, एक वीस. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. दरीवरून उडी मारायची असली तर म्हणायचं, ‘मारली’. पलीकडे पोचलात की खाली गेलात, ते फासा सांगणार. नापास मी तिथेही व्हायचो, पण नंतर कुणी भाषण देत नसे.

भानगड झाली एका तलवारीवरून. मी स्वतःला सात पात्यांची तलवार दिली होती. एक ते सात, जेवढा आकडा तेवढा मोठा वार. पण सात बाजूंचा फासा आणायचा कुठून? मेन रोडला विचारून आलो. दुकानदार म्हणाला, सहाचा घ्या ना, एकाने काय होतं. शेवटी तन्वीरने तोड काढली: आठ बाजूंचा टाकायचा, आठ आला तर धरायचा नाही, परत टाकायचा. त्यामुळे गच्चीवरून आवाज यायचे ते असे: वार काढ. पाच. पाचचा वार. आठ आला, वार नाही, परत टाक.

जिन्यात उभं राहून ऐकणं हा काकांचा संध्याकाळचा व्यायाम. त्यांनी ‘वार’ ऐकलं. तलवारीचा वार त्या डोक्यात शिरणार कसा? तिथे रविवारपासून शनिवारपर्यंत सगळे आधीच ठाण मांडून बसलेले.

ते वर आले तेव्हा मला वाटलं, झालं, आता जुगार म्हणून सगळे फासे गोदावरीत. काकांनी आठ बाजूंचा फासा उचलला, उजेडाकडे धरला, आणि कित्येक महिन्यांनी माझ्याशी थेट बोलले.

"रमल कुणाकडे शिकतोस?"

रमल म्हणजे फासे टाकून भविष्य बघायची विद्या, हे मला त्या दिवशी त्यांच्याकडूनच कळलं. बारा बाजू म्हणजे बारा राशी, हे त्यांनीच लावलं. एक म्हणजे रविवार, दोन सोमवार, तेही त्यांनीच. वीस बाजूंचं काही जमेना, तेव्हा म्हणाले, ही फार वरची पायरी दिसते. मग विचारलं, "आणि आठ?"

"आठ म्हणजे वार नाही," मी म्हणालो.

यात खोटं काय बोललो, सांगा.

तन्वीर जाताना म्हणाला, "अबे, सांगून टाक ना खेळ आहे म्हणून. लफडं होईल." सांगणारच होतो. पण तेवढ्यात काकांनी मला चहा पाठवला. कपबशीतून. त्या घरात कॉलेज सोडल्यापासून मला चहा स्टीलच्या पेल्यात मिळत होता.

मग काय, दरबारच भरला. समोरच्या काकूंनी सिलिंडर कधी येणार म्हणून फासा टाकला. तीन पडले, मंगळवार. सिलिंडर मंगळवारी आला. आमच्या गल्लीत गॅसची गाडी मंगळवारीच येते, पण तेवढं कुणाच्या लक्षात आलं नाही. वणीला गडावर कुठल्या वारी निघायचं, तेही कुणी विचारून गेलं. काका माझी ओळख करून देताना ‘आमचा पुतण्या’ म्हणायला लागले. डिप्लोमा पूर्ण केला असता तरी म्हणाले नसते.

आणि मग एका सकाळी बाबांना उजव्या डोळ्यासमोर काळं दिसायला लागलं. कोपऱ्यातून कुणी कापड ओढत आणतंय तसं, असं म्हणाले. द्वारका चौकाजवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेलो. त्यांनी सांगितलं, आतला पडदा सुटतोय, मधला भाग अजून शाबूत आहे, याच आठवड्यात ऑपरेशन करू, म्हणाल त्या दिवशी. थांबू मात्र नका.

म्हणाल त्या दिवशी. एवढं काकांना पुरलं.

बैठकीच्या खोलीत पाट मांडला. आई, समोरच्या काकू, सगळे जमले. काकांनी फासा बाबांच्याच हातात दिला. बाबा लगेच टाकेनात. सुईचं नाव काढलं तरी घाम फुटणारा माणूस तो. फासा पाटावर घरंगळला आणि थांबला.

आठ.

"परत टाका," मी म्हणालो. "आठ धरत नाहीत."

"का धरत नाहीत?"

"आठ म्हणजे... वार नाही."

"तेच म्हणतोय मी," काका म्हणाले. "या आठवड्यात वार नाही. पुढच्या आठवड्यात विचारू."

"डॉक्टर म्हणालेत थांबू नका."

"विद्या तुझी, आणि विश्वास डॉक्टरवर?"

सगळे माझ्याकडे बघत होते. ‘हा तलवारीचा खेळ आहे’, एवढंच म्हणायचं होतं. मी बाबांकडे बघितलं. आठ पडल्यावर त्यांचा चेहरा असा सुटला होता, जसा अचानक सुट्टी मिळालेल्या पोराचा सुटतो. "राहू दे ना," ते म्हणाले. "तुझा फासा म्हणतोय तर ऐकू या." माझं म्हणून काही ऐकायची बाबांची ती पहिलीच वेळ.

मी फासा उचलून खिशात टाकला.

पुढच्या आठवड्यात पाच पडले. गुरुवार. काका खूश, गुरूचा वार, याहून चांगला कुठला असणार? डॉक्टरांनी डोळा तपासला आणि विचारलं, इतके दिवस कुठे होतात? काकांनी सांगितलं, घरगुती अडचण होती. ऑपरेशन झालं. पण पडदा तोवर मध्यापर्यंत सुटला होता.

काका अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की वार अचूक निघाला होता, डॉक्टरच्या हातालाच यश नव्हतं. बाबा कुणालाच काही सांगत नाहीत. मला तर नाहीच नाही.

त्यांना उजव्या डोळ्याने दिसत नाही.