वीज गेली तरी चालणारा ड्रायर

अमेरिकेतल्या कॅरी गावात आम्ही घर घेतलं तेव्हा त्यात दोन सोयी होत्या. वरच्या मजल्यावर, झोपायच्या खोलीबाहेरच्या कोनाड्यात, इलेक्ट्रिक ड्रायरसाठी मोठा सॉकेट होता. खाली, गराजला लागून असलेल्या छोट्या खोलीत, गॅसचा पाइप आलेला होता. वॉशरसाठी नळ दोन्हीकडे होते. बाहेर दोरीवर कपडे वाळत घालायला कॉलनीच्या नियमात बंदी, तेव्हा ड्रायर घ्यावाच लागणार होता. इलेक्ट्रिक घेतला तर तो वर जाणार आणि खालची खोली मोकळी राहणार. गॅसचा घेतला तर खोली त्याची.

ती खोली मला हवी होती. घर पाहायला गेलो त्याच दिवशी मी तिच्या खिडकीपाशी उभी राहून टेबल कुठे ठेवायचं ते ठरवून टाकलं होतं. मी कमी बोलते. लॅबमध्ये दिवसभर माणसांत वावरून घरी आलं की मला एक दार बंद करावंसं वाटतं. नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "घे ना मग. तुझीच खोली." त्याचं 'घे ना' किती टिकतं ते मला अजून कळायचं होतं.

आमच्या घरी काहीही घ्यायचं तर दादांना विचारतात. दादा म्हणजे माझे थोरले दीर, जवळच राहतात. सासरे लवकर गेले, तेव्हा दादांनी नोकरी धरून धाकट्या भावंडांना शिकवलं. नवऱ्याच्या अमेरिकेच्या पहिल्या तिकिटामागेही तेच होते. हे सगळं खरं आहे. आणि खरं आहे म्हणूनच त्यांना कोणी कधी 'नाही' म्हणत नाही. आमची गाडी त्यांनी ठरवली, सोफा त्यांनी ठरवला, गादी किती कडक हवी तेही त्यांनीच दाबून पाहिलं.

दुकानात ते वहिनींना, म्हणजे माझ्या जाऊबाईंना, घेऊन आले. गॅसच्या ड्रायरपाशी थांबले आणि म्हशीच्या पाठीवर मारावी तशी त्याच्यावर थाप मारली.

"हा घे."

"गॅसचा?" नवरा म्हणाला.

"मग काय! चंद्रपूर विसरला का? वीज तयार होत होती आपल्या गावात, अन् जात पण होती आपल्याच गावात. इथंही बर्फ पडला की लाइट जाते. गॅस कधी गेलेला पाहिला का?"

मशीनला लटकवलेलं माहितीचं कार्ड मी तोवर वाचून काढलं होतं. मी म्हटलं, "पण हासुद्धा प्लगवरच चालतो. गॅस फक्त हवा गरम करतो. ड्रम फिरवायला वीज लागतेच."

दादांनी नवऱ्याला विचारलं, "काय म्हणते ती?"

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते. मराठीतच बोलले होते.

"काही नाही, दादा," नवरा म्हणाला. "तिला इलेक्ट्रिक आवडलाय."

"कॉन्व्हेंटच्या पोरींना बटणं फार आवडतात."

वहिनी हसल्या. मग माझ्या दंडाला धरून म्हणाल्या, "अगं, अन् त्या खोलीत टेबल टाकून एकटी काय करणार तू? आमच्यापासून लपून बसणार का?"

म्हणजे खोलीचंही त्यांना सांगून झालं होतं. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो दुसऱ्याच एका मशीनचं झाकण उघडून आत बघत होता. विक्रेत्याने त्याला विचारलं, गॅस की इलेक्ट्रिक? त्याने दादांकडे पाहिलं.

ड्रायर खोलीत येऊन बसला. खिडकीच्या निम्म्या उंचीपर्यंत आला. माझं टेबल जेवणघराच्या कोपऱ्यात गेलं आणि येणारा जाणारा त्यावर गाडीच्या किल्ल्या टाकू लागला. दादा रविवारी आले की आधी खोलीत डोकावत, कपड्यांचा गोळा फिरताना पाहत आणि म्हणत, "बघ, गॅसवर कपडे कसे कडक वाळतात." मी कपडे घडी करत असे. टॉवेलांना गरम धुळीचा वास येई. तो वास मला अजून आवडत नाही.

जानेवारीत बर्फाचा पाऊस झाला. फांद्या तारांवर पडल्या आणि आमच्या अख्ख्या भागातली वीज गेली. दुपारी दार वाजलं. "जय भीम!" म्हणत दादा आत आले, मागून वहिनी. दादांच्या हातात कचऱ्याच्या दोन काळ्या पिशव्या होत्या आणि त्यांतून पाणी गळत होतं. त्यांच्या घरी सगळंच विजेवर. मशीन मध्येच बंद पडलं होतं आणि कपडे आत भिजत राहिले होते.

मी काडी ओढून शेगडी पेटवली आणि चहा ठेवला. दादांचा चेहरा उजळला. "सांगितलं होतं की नाही? गॅस!" तेवढं मी मान्य केलं. चहा गरम होता.

मग ते खोलीत गेले. ओले कपडे ड्रममध्ये कोंबले, दार लावलं, बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मग गुडघे टेकून मोबाइलच्या उजेडात मशीनखाली बघू लागले.

"आत ज्योत असेल. काडेपेटी आण गं."

"त्याला प्लग आहे, दादा," मी म्हटलं.

ते उठले. मागची वायर पाहिली, ती भिंतीत कुठे जाते तेही पाहिलं. मग नवऱ्याला म्हणाले, "हिनं दुकानातच सांगायला नको होतं का?"

नवऱ्याने रिकाम्या पिशव्या भिंतीकडे सरकवल्या. मी वाट पाहिली. मग तो मलाच हळूच म्हणाला, "जाऊ दे ना यार."

ते तिघं बाहेर सोफ्यावर जाऊन बसले. मी खोलीतच थांबले. वीज नव्हती तरी मोबाइल चालू होता. मी ड्रायरचा फोटो काढला आणि इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकला. खाली मराठीतच लिहिलं: 'गॅस ड्रायर देणे आहे. नवाच आहे. वीज गेल्यावर चालत नाही.'

बाहेर दादांचा फोन वाजला. त्यांना ग्रुपवरचं सगळं मोठ्याने वाचायची सवय आहे. शेवटच्या वाक्यावर त्यांचा आवाज थांबला.

"हा आपलाच आहे का?"

वहिनींच्या कपाची बशी वाजली.

"तिला डिलीट करायला सांग," दादा म्हणाले.

नवरा दारात आला. "दादा म्हणतात, डिलीट कर."

"ऐकलं मी."

"मग? ड्रायरशिवाय काय करायचं?"

"वर सॉकेट आहे."

तो तिथेच उभा राहिला. ग्रुपवर कोणीतरी विचारलं होतं, अजून आहे का? मी लिहिलं, 'आहे. रस्ते मोकळे झाले की या.' मग ड्रायरचं दार उघडून दादांचे ओले कपडे पुन्हा त्यांच्याच पिशव्यांत भरायला लागले.