कॅप्सूलचं टरफल

आमच्या घरात कुणालाही साधी गोष्ट पटवायची म्हणजे डोक्याला ताप. मी गंगापूर रोडवरच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होते. वर्गात पोरं मान खाली घालून लिहून घ्यायची. पंचवटीत माहेरी गेलं की मी नुसती थोरली, शिकून शहाणी झालेली!

ऐंशीच्या दशकाची अखेरची वर्षं होती. धाकट्या बहिणीला सुरगाण्याकडच्या आश्रमशाळेत शिक्षिकेची नोकरी लागली. तिथलं पिण्याचं पाणी ओहोळाचं, आणि आदल्याच पावसाळ्यात तिथले दोन शिक्षक टायफॉइडने आडवे झालेले. बहिणीची प्रकृती आधीच तोळामासा. टायफॉइडची सुई तिला पूर्वी एकदा टोचली, तेव्हा ती तापाने अशी फणफणली की पुन्हा सुईचं नावही काढू देईना. तोंडाने घ्यायची लस तेव्हा परदेशात निघाली होती. ओळखीच्या डॉक्टरांचं मी इतकं डोकं खाल्लं की त्यांनी बाहेरून येणाऱ्या मित्राकडून एका माणसापुरत्या कॅप्सूल मागवून दिल्या. बर्फ घातलेल्या थर्मासमधून त्या मी माहेरी पोचवल्या.

बाबांना समोर बसवून सगळं समजावलं. आत टायफॉइडचेच जंतू आहेत, जिवंत, पण खोड मोडलेले. ते आतड्यात पोचले की शरीर त्यांना ओळखून ठेवतं आणि पुढे खरे जंतू आले तर तिथेच अडवतं. एक दिवसाआड एक, उपाशीपोटी, गार पाण्याबरोबर, अख्खी गिळायची. बाबांनी कागदावर लिहून घेतलं. अख्खी का, ते मात्र मी सांगितलं नाही. सांगायला गेले असते तर आवरणाचा विषय निघाला असता, आणि ते आवरण जिलेटिनचं, जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं. बाबा केकसुद्धा दहादा विचारून खाणारे. म्हटलं, कशाला नसती भानगड!

आठवड्याने गेले तर बाबा खुशीत.

"सगळ्या झाल्या हो," म्हणाले. "आणि ती टरफलं काढून टाकली. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने सांगितलं कशाची असतात ते. तुला बिचारीला ठाऊक नसणार. पूड मधात कालवून दिली, कणभर वाया घालवली नाही."

मी कपाळावर हात मारला. टायफॉइडचे जिवंत जंतू या माणसाला चालले, आवरण चाललं नाही!

"अहो बाबा, ते आवरणच तर हवं होतं! त्यावरचा लेपच पोटातल्या आम्लातून जंतूंना जिवंत पुढे नेणार होता. तुम्ही तिला सगळे मारून चाटवलेत!"

"मध चांगला होता गं," बाबा म्हणाले.

दुसऱ्या कॅप्सूल मिळायला कित्येक महिने लागणार होते. रुजू व्हायची तारीख थांबणार नव्हती. बहीण गेली.

दिवाळीआधीच तिला एसटीतून झोपवून आणावं लागलं. टायफॉइडच. डॉक्टर म्हणाले, लस घेऊनही कधीकधी होतो, तेव्हा खात्रीने काही सांगता येत नाही. पण मला कुठला धीर! ती ग्लानीत पडलेली, बाबा तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवताहेत, आणि मी त्यांच्यावर तोंड टाकतेय.

"तुमच्या सोवळ्यापायी पोरीचा जीव चाललाय, बाबा! एवढं काय मोठं होतं हो त्या टरफलात?"

बहिणीने डोळे उघडले. "ताई, कशाचं होतं ते तुला माहीत होतं?"

खोटं बोलवेना. "होतं," म्हटलं.

बाबांनी पट्टी पिळायची थांबवली. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मग मला सांगायचंस ना," ते म्हणाले. "तिच्या जिवासाठी आहे म्हणाली असतीस, तर मी माझ्या हाताने भरवली असती."