बाबांचा फोन हलका केला त्याची गोष्ट

हसणार नसाल तरच सांगतो. छे, हसणारच तुम्ही! आधी कप खाली ठेवा.

मी ऊर्जानगरचा. जुन्या मोबाईलची सिस्टिम नव्याने बांधायची, नको ते काढून फोन हलका करायचा, हा माझा उद्योग. मुलचेऱ्याजवळच्या बंगाली गावातल्या शिउलीशी माझं लग्न ठरायचं होतं. अडलं होतं तिच्या बाबांच्या होकारावर. त्यांना मी काका म्हणतो. आणि काकांचा फोन? एक जीबी रॅम, मेमरी फुल्ल. फोटो उघडेपर्यंत माणसाला डुलकी लागावी.

"काका, मले द्या. असा पळवतो का पाहातच राहाल!"

डेटा बाजूला काढून ठेवला आणि बसलो कापाकापी करत. वॉलपेपर? उडव. मागून गुपचूप चालणाऱ्या सेवा? बंद. मग आल्या अक्षरांच्या फायली. तमिळ, थाई, अरबी, बंगाली... फुकट जागा अडवून बसलेल्या! म्हटलं, हे वाचतं कोण? मराठी-इंग्रजी ठेवली, बाकी साफ.

अहो, असे बघू नका माझ्याकडे! शिउली माझ्याशी मराठीतच बोलते, भांडते, रुसते. घरी ही माणसं बंगालीच वाचतात-लिहितात, हे लक्षातच आलं नाही.

डेटा परत भरला. दुसऱ्याचे मेसेज वाचू नयेत म्हणून उघडून पाहिले नाहीत. संस्कार, दुसरं काय!

रविवारी फोन काकांच्या हातात दिला. झटक्यात सुरू झाला. काका खूश. मग त्यांनी चष्मा पुसला.

"काऊन रे, हे नुसते चौकोन दिसून राह्यले!"

सगळी नावं चौकोन. सगळे मेसेज चौकोन. बंगालीची फाईल मीच उडवली होती!

"अरे, मले ढाकवाल्याले आजच सांगाचं आहे! दुर्गापूजा आली!" काका पूजा कमिटीचे सेक्रेटरी, आणि ढाक म्हणजे पूजेत वाजणारा मोठा ढोल. ढाकवाल्याच्या नावात अक्षरं किती ते आठवून, बोट ठेवून चौकोन मोजायला लागले. "पाच... हाच असन." लावला फोन. "दोन ढाक घेऊन ये बा!" पलीकडे निघाले गुरांचे डॉक्टर. ते विचारतात, "आधी गाईले काय झालं ते सांगा!"

मी उठू की बसू? तेवढ्यात फोन वाजला. पानभर चौकोन आले.

दारातून शिउली म्हणाली, "बाबा, माझा मेसेज वाचला का?"

"काय वाचू? तूच वाच!"

ती लाजली. आपल्या फोनवरून मराठी करून वाचायला लागली, "बाबा, तोंडावर बोलता येत नाई म्हणून लिहून राह्यली. मुलगा लय हुशार आहे. आपल्या माणसाइले काय पाहिजे, ते त्याले न सांगता समजते."

धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर शपथ!

काकांनी फोन परत माझ्या हातात ठेवला. "बंगाली परत टाक. अन् आधी वाचाले-लिहाले शिकून घे. मंग बोलू लग्नाचं."

तेव्हापासून दर रविवारी त्यांच्यापुढे बसून अ-आ गिरवतोय. काल माझं स्वतःचं नाव बंगालीत लिहून दाखवलं.

काकांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला. म्हणाले, "यापेक्षा चौकोन बरे होते रे!"